विश्लेषण : प्रॅक्टिकलमधली ‘कॅट’ कमांड आली कुठून? डेनिस रिची यांच्या कामाचा मराठी मजकुराशी संबंध काय?

फाइलमधला मजकूर पडद्यावर दाखवायचा किंवा दोन फाइलमधला मजकूर एकाखाली एक जोडायचा, एवढेच काम करणारी ‘कॅट’ ही कमांड अर्धशतकाहून अधिक काळ वापरात आहे. नांदेड आणि लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत किंवा तंत्रनिकेतनांत संगणक शाखेचे विद्यार्थी लिनक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये ती सुरुवातीलाच शिकतात, जर्नलमध्ये आउटपुट लिहितात आणि पुढच्या कमांडकडे वळतात. ही कमांड ज्या युनिक्स प्रणालीतून आली, ती घडवणाऱ्या दोन प्रमुख व्यक्तींपैकी एक आणि ‘सी’ भाषेचे जनक डेनिस रिची यांचे २०११ मध्ये निधन झाले. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत बसून या माणसाने केलेले काम आज मराठी मजकुराच्याही उपयोगी पडते. मात्र आपलाच बराचसा जुना मजकूर अजून त्याबाहेर राहिला आहे. तो का, याचा हा आढावा.

‘कॅट’ कमांड नेमके काय करते?

या नावाचा मांजराशी संबंध नाही. एकापुढे एक जोडणे या अर्थाच्या ‘कॉन्कॅटनेट’ या इंग्रजी शब्दाचे ते छोटे रूप आहे. त्या शब्दाच्या मुळाशी साखळी या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

समजा, ‘लातूर’ नावाच्या एका फाइलमध्ये जिल्ह्यातील लातूर, औसा, रेणापूर, निलंगा, उदगीर, अहमदपूर, चाकूर, देवणी, जळकोट आणि शिरूर अनंतपाळ हे १० तालुके एका ओळीत एक असे लिहिले आहेत. ‘नांदेड’ नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये नांदेड, अर्धापूरपासून किनवट, माहूरपर्यंतचे १६ तालुके आहेत. टर्मिनलवर कॅट आणि पुढे लातूर असे टाइप केले, की १० नावे पडद्यावर दिसतात. कॅट, मग लातूर, मग नांदेड असे टाइप केले, की दोन्ही याद्या सलग येतात आणि २६ ओळी दिसतात. कमांडची सी, ए, टी ही तीन अक्षरे इंग्रजीत टाइप करावी लागतात. फाइलचे नाव मात्र देवनागरीतही चालते.

ही जोडलेली यादी नव्या फाइलमध्ये साठवायची असेल, तर शेवटी > हे चिन्ह देऊन नव्या फाइलचे नाव लिहायचे. पडद्याकडे निघालेला मजकूर फाइलकडे वळवण्याचे हे काम कॅट करत नाही, ते ‘शेल’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो. विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गडबड इथेच होते. नव्या नावाऐवजी चुकून ‘लातूर’ हेच नाव पुन्हा दिले, तर कॅट सुरू होण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करून ठेवतो आणि १० तालुके गायब होतात. असलेल्या मजकुराखाली भर घालायची असेल, तर >> असे दुहेरी चिन्ह लागते.

दुसरी अडचण ओळीची. पहिल्या फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेले नसेल, तर शिरूर अनंतपाळ आणि नांदेड ही दोन नावे एकाच ओळीत चिकटून येतात. कॅट स्वतःहून मध्ये जागा सोडत नाही, क्रम बदलत नाही, चूक दुरुस्त करत नाही. लातूरच्या आडत बाजारातला हमाल पोते उचलताना आत तूर आहे की सोयाबीन, हे पाहत बसत नाही. कॅटचेही तसेच आहे. आलेले बाइट उचलायचे आणि पुढे ठेवायचे, एवढेच तिला ठाऊक.

डेनिस रिची कोण होते?

डेनिस मॅकअलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. त्यांचे बालपण न्यू जर्सीतील समिट या गावी गेले. वडील अलिस्टर रिची हे बेल लॅब्ज या टेलिफोन क्षेत्रातील संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. स्विचिंग सर्किटच्या रचनेवरील एका गाजलेल्या पुस्तकाचे ते सहलेखक. म्हणजे घरात तंत्रज्ञानाचे वातावरण होते, तरी डेनिस यांनी पदवी घेतली ती भौतिकशास्त्रात. हार्वर्ड विद्यापीठातून १९६३ मध्ये ते पदवीधर झाले आणि तिथेच उपयोजित गणितात संशोधन करू लागले.

प्रोग्रॅमची रचना आणि गणनेची गुंतागुंत हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. १९६८ मध्ये प्रबंध लिहून झाला. मात्र बांधणी केलेली प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करण्याची शेवटची औपचारिकता त्यांनी पूर्ण केली नाही. त्यामुळे पीएच.डी. त्यांना रीतसर मिळालीच नाही. सबमिशनच्या तारखांमागे धावणाऱ्या विद्यार्थ्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल. त्याआधीच, १९६७ मध्ये ते वडिलांच्याच संस्थेत, बेल लॅब्जच्या संगणकशास्त्र संशोधन केंद्रात रुजू झाले होते. निवृत्तीपर्यंतची ४० वर्षे त्यांनी तिथेच काढली.

युनिक्सचा जन्म कसा झाला?

त्या काळात संगणक खोलीभर आकाराचे असत. प्रोग्रॅम पंचकार्डवर द्यायचा आणि उत्तर येण्याची वाट पाहायची, अशी पद्धत होती. एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, यासाठी एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून ‘मल्टिक्स’ हा मोठा प्रकल्प हाती घेतला होता. रिची त्यावर काम करत होते. प्रकल्प लांबत गेला, खर्च वाढला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले.

रिची आणि त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. मल्टिक्समुळे समोरासमोर बसून संगणकावर काम करण्याची सवय लागली होती. ती सोडून पुन्हा पंचकार्डकडे जायची त्यांची तयारी नव्हती. नव्या यंत्रासाठी मागितलेले पैसे वरिष्ठांनी मंजूर केले नाहीत. अखेर कोपऱ्यात पडलेला, फारसा कुणी वापरत नसलेला पीडीपी-७ हा छोटा संगणक त्यांच्या हाती लागला. थॉम्पसन, रिची आणि आर. एच. कॅनाडे यांनी फळ्यावर फाइल सिस्टीमची आखणी केली होती. १९६९ च्या उन्हाळ्यात थॉम्पसन यांनी ती या यंत्रावर उभी केली. मल्टिक्सच्या नावावर केलेल्या शब्दखेळातून तिला युनिक्स हे नाव मिळाले.

पेटंट विभागातील टायपिस्टचा यात काय वाटा?

युनिक्स टिकण्यामागे एक कार्यालयीन गरज आहे. पीडीपी-७ लवकरच अपुरा पडू लागला. नव्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी पैसे मिळणार नाहीत, हे अनुभवाने कळले होते. म्हणून मजकूर टाइप करणे, सुधारणे आणि नीट मांडून छापणे यासाठी यंत्रणा उभारतो, असा प्रस्ताव देण्यात आला. तो मंजूर झाला आणि १९७० मध्ये पीडीपी-११ हा नवा संगणक आला. बेल लॅब्जच्या पेटंट विभागाला त्या वेळी अर्ज टाइप करण्यासाठी अशाच सोयीची गरज होती.

१९७१ च्या उत्तरार्धात पेटंट विभागातील तीन टायपिस्ट या यंत्रावर अर्ज तयार करू लागल्या. यंत्राची मेमरी होती २४ किलोबाइट आणि डिस्क सुमारे ५१२ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटोही तिच्यात मावला नसता. एवढ्याशा जागेत टायपिस्टचे काम सुरू होते आणि त्याच यंत्रावर रिची व थॉम्पसन ऑपरेटिंग सिस्टीमही सुधारत होते. प्रयोग यशस्वी झाला आणि युनिक्सला संस्थेत मान्यता मिळाली.

याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९७१ रोजी, युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका निघाली. ती थॉम्पसन आणि रिची यांनी तयार केली होती. तिच्यात कॅट आहे. ज्या प्रणालीचे पहिले गिऱ्हाईक टायपिस्ट होते, तिच्यात मजकूर दाखवणारी आणि जोडणारी कमांड पहिल्या दिवसापासून असावी, हे साहजिकच आहे.

‘सी’ भाषेची गरज का पडली?

सुरुवातीचे युनिक्स असेंब्ली भाषेत होते. ही भाषा यंत्राच्या सर्वांत जवळची. पण एका यंत्रासाठी लिहिलेला असेंब्लीतला प्रोग्रॅम दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर चालत नाही. यंत्र बदलले, की सगळे पुन्हा लिहायचे. थॉम्पसन यांनी ‘बी’ नावाची एक सुटसुटीत भाषा तयार केली होती. मात्र ती मजकुराचे एकेक अक्षर आणि आकडे यांत फरक करत नव्हती. पीडीपी-११ मध्ये प्रत्येक बाइटपर्यंत थेट पोहोचता येत होते आणि त्याचा उपयोग बी भाषेला नीट करून घेता येत नव्हता.

रिची यांनी १९७१ पासून या भाषेत बदल सुरू केले. अक्षरासाठी वेगळा, आकड्यासाठी वेगळा असे डेटाचे प्रकार आले. १९७२ मध्ये तिला ‘सी’ हे नाव मिळाले. युनिक्सचा गाभा या भाषेत लिहिण्याचा थॉम्पसन यांचा पहिला प्रयत्न फसला. मग रिची यांनी भाषेत ‘स्ट्रक्चर’ची सोय केली. वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका नावाखाली बांधून ठेवण्याची ही पद्धत आजही विद्यार्थ्यांना सी शिकताना घाम फोडते. ती आल्यानंतर १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत लिहून झाला.

याचा परिणाम काही वर्षांनी दिसला. रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी वेगळ्याच बनावटीच्या इंटरडेटा संगणकावर युनिक्स चालवून दाखवले. ऑपरेटिंग सिस्टीम एका यंत्राशी कायमची बांधलेली असते, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

छोट्या कमांडवर एवढा भर कशासाठी?

प्रत्येक प्रोग्रॅमने एकच काम करावे आणि ते चांगले करावे, हा युनिक्समागचा विचार. मोठे काम आले, तर छोट्या कमांड एकमेकींना जोडायच्या. जोडण्यासाठी उभी रेघ वापरतात, तिला ‘पाइप’ म्हणतात. ही कल्पना त्यांचे सहकारी डग मॅकइलरॉय यांची. थॉम्पसन यांनी ती १९७३ मध्ये युनिक्समध्ये आणली.

वरच्या उदाहरणात दोन्ही जिल्ह्यांची यादी कॅटने जोडायची, पाइपमधून ती क्रम लावणाऱ्या कमांडकडे द्यायची आणि तिथून ओळी मोजणाऱ्या कमांडकडे. तीन कमांड, प्रत्येकीचे काम वेगळे. हे जमते, कारण तिघींमधून वाहतो तो साधा मजकूर. एका कमांडचे आउटपुट हेच दुसरीचे इनपुट. त्यात रंग नाही, फॉन्ट नाही, कंपनीचा खास फॉरमॅट नाही.

कीबोर्ड, छपाई यंत्र, डिस्क ही उपकरणेही युनिक्समध्ये फाइलसारखीच हाताळली जातात. म्हणून कॅटपुढे फाइलचे नावच दिले नाही, तर ती कीबोर्डवरून येणारी ओळ उचलते आणि पडद्यावर परत दाखवते. पहिल्या प्रॅक्टिकलला विद्यार्थी कॅट टाइप करून नुसते एंटर दाबतात आणि संगणक अडकला असे समजतात. प्रत्यक्षात कॅट मजकुराची वाट पाहत असते. कंट्रोल आणि डी ही बटणे एकत्र दाबली, की ती थांबते.

या साधेपणावरून वादही झाले. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात तयार झालेल्या युनिक्समध्ये कॅटला ओळींना क्रमांक देण्यासारखी जादा कामे जोडण्यात आली. बेल लॅब्जमधील रॉब पाइक यांनी १९८३ मध्ये एका परिषदेत त्यावर टीका केली. क्रमांक द्यायचे असतील तर त्यासाठी वेगळी कमांड हवी, हा त्यांचा मुद्दा होता. आजच्या लिनक्समधील कॅटमध्ये ही जादा कामे आहेत, पण मूळ काम तेच राहिले आहे.

अमेरिकेतली प्रयोगशाळा ते मराठवाड्यातले महाविद्यालय, हा प्रवास कसा झाला?

बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टी हिच्यावर १९५६ मधील एका न्यायालयीन तडजोडीमुळे टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरण्यास बंधने होती. त्यामुळे युनिक्स बाजारात विकण्याऐवजी विद्यापीठांना अल्प शुल्कात परवाने देण्यात आले, तेही मूळ कोडसह. जुलै १९७४ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांचा युनिक्सवरील लेख अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात आला आणि मागणी वाढली. सिडनीतील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये या कोडवर ओळीओळीने टीपा लिहिल्या. परवान्याच्या अटींमुळे त्या खुलेपणाने छापता आल्या नाहीत. तेव्हा जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या झेरॉक्स काढून वाचल्या. नोट्सच्या झेरॉक्सवर परीक्षा काढणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे सी भाषेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. दोघांच्या आडनावांवरून ते ‘के अँड आर’ म्हणून ओळखले जाते. जेमतेम सव्वादोनशे पानांचे हे पुस्तक दीर्घकाळ या भाषेचे प्रमाण मानले गेले. फाइल कशी उघडायची आणि वाचायची हे शिकवताना लेखकांनी उदाहरण घेतले आहे ते कॅटचे. काही ओळींत स्वतःची कॅट लिहून पाहता येते, हे त्या प्रकरणातून कळते. कमांड वापरणारा आणि कमांड बनवणारा यांच्यातले अंतर केवढे कमी आहे, हे विद्यार्थ्याला तिथे पहिल्यांदा उमगते.

महाराष्ट्रात ही भाषा घरोघरी पोहोचवण्यात नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले. त्याच परिसरात १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातुरात एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय, पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन अशा संस्था आहेत. मराठी माध्यमातून दहावी करून आलेल्या अनेकांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख सी भाषेतूनच होते. पुढे लिनक्स येते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स युनिक्सच्याच धर्तीवरचे आणि प्रामुख्याने सी भाषेत लिहिलेले. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच, आणि त्याच्या आत ‘टॉयबॉक्स’ नावाच्या संचात कॅट आहे. म्हणजे महागडा लॅपटॉप नसला, तरी टर्मिनलचे मोफत ॲप घेऊन ही कमांड फोनवर चालवून पाहता येते.

मराठी मजकूर यात कुठे येतो?

रिची यांनी सी आणि युनिक्स घडवले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी मजकूर होता. एक अक्षर म्हणजे एक बाइट, असा हिशेब होता. देवनागरी त्यात बसत नव्हती. भारतात सी-डॅकसारख्या संस्थांनी इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचे प्रमाणक पुढे आणले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली आणि तिची मांडणी इस्कीच्याच आधारे झाली. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक मिळाला. पण हे क्रमांक फाइलमध्ये कसे साठवायचे, हा प्रश्न उरला. एका अक्षराला सरसकट दोन बाइट द्यायचे, तर जुने प्रोग्रॅम कोलमडत होते.

यावरचे उत्तर युनिक्सच्याच घरातून आले. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका खाणावळीत रात्रीच्या जेवणावेळी केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासमोर टेबलावरच्या कागदावर एक आराखडा मांडला. तोच पुढे यूटीएफ-८ म्हणून जगभर स्वीकारला गेला. इंग्रजी अक्षराला पूर्वीप्रमाणेच एक बाइट आणि देवनागरी अक्षराला तीन. ‘प्लॅन ९’ या बेल लॅब्जच्या नव्या प्रणालीत तो आधी वापरला गेला. रिची १९९० पासून ज्या विभागाचे प्रमुख होते, तिथली मंडळीही या प्रणालीवर काम करत होती.

यूटीएफ-८ ची खुबी अशी, की सी भाषेतील मजकूर हाताळण्याची जुनी पद्धत त्यामुळे मोडत नाही. मजकूर संपल्याची खूण किंवा फाइलच्या मार्गातली तिरकी रेघ यांचे बाइट देवनागरी अक्षराच्या पोटात कधीच येत नाहीत. ‘लातूर’ या शब्दात ल, काना, त, ऊकार आणि र अशी पाच चिन्हे आहेत. तीनप्रमाणे १५ बाइट झाले. अनुस्वारासह सहा चिन्हांच्या ‘नांदेड’चे १८. कॅटला यातले काहीच माहीत नसते. ती १५ बाइट उचलते, १८ बाइट उचलते आणि एकापुढे एक ठेवते. मराठी येण्यासाठी कॅटमध्ये एका ओळीचाही बदल करावा लागला नाही. पोत्यात काय आहे हे न विचारणाऱ्या हमालाचा हा फायदा.

मग जुन्या मराठी फाइल का जोडता येत नाहीत?

याच स्वभावाची दुसरी बाजू आपल्याला भोवते. युनिकोड रुळण्याआधी मराठीत श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे अनेक फॉन्ट चालत. त्या फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी अक्षरांचे प्रमाणित क्रमांक नसतात. त्या त्या फॉन्टने इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला, की उरतात निरर्थक इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. प्रत्येक फॉन्टची मांडणीही वेगळी.

अशी एक जुनी फाइल आणि युनिकोडमधली एक नवी फाइल कॅटने जोडली, तर कमांड कोणतीही तक्रार करत नाही. बाइट जोडले जातात. मात्र अर्धी फाइल वाचता येते आणि अर्धी नाही. तूर आणि सोयाबीन एकाच ढिगात ओतले गेले, त्यात हमालाची चूक नाही. पोत्यावर मालाचे नाव लिहिलेले नव्हते.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठीत जे काही संगणकावर टाइप झाले, त्यातला मोठा हिस्सा असाच आहे. संस्थांचे अहवाल, स्मरणिका, सभांची इतिवृत्ते, जिल्ह्याच्या ठिकाणी छापलेल्या पुस्तकांच्या मूळ फाइल, वृत्तपत्रांची पाने. हा मजकूर संगणकावर असूनही शोधता येत नाही, जोडता येत नाही आणि मोबाइलवर उघडत नाही. तो टाइप करणारा डीटीपी ऑपरेटर, तो फॉन्ट आणि ते जुने सॉफ्टवेअर जोवर उपलब्ध आहे, तोवरच तो परत मिळवणे सोपे. उशीर झाला, की छापील प्रत हाच एक आधार राहतो.

उपाय किचकट असला, तरी अशक्य नाही. आधी फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे, हे ओळखायचे. मग त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी या ठिकाणी चुका राहतात, म्हणून मूळ पानाशी ताडून पाहायचे. शेवटी साध्या मजकुराची फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवायची आणि मूळ फाइल जपून ठेवायची. ही कामे झाल्यावरच कॅटचा उपयोग. जोडणे यंत्राचे काम आहे, ताडून पाहणे माणसाचे.

रिची यांची अखेरची वर्षे कशी गेली?

मानसन्मान त्यांना मिळाले. १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासह संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते दोघांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले. २०११ मध्ये जपान पुरस्कारही दोघांना मिळून जाहीर झाला. मात्र रिची यांनी कंपनी काढली नाही, की सार्वजनिक व्यासपीठांवर फारसे वावरले नाहीत. ते अविवाहित होते. २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. ते ७० वर्षांचे होते आणि एकटेच राहत होते. आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांचे निधन झाले होते आणि जगभरची वृत्तपत्रे त्या बातमीने भरली होती. रिची यांच्या निधनाची माहिती रॉब पाइक यांनी समाजमाध्यमावर दिली, तेव्हा ती प्रामुख्याने संगणक क्षेत्रातच फिरली. जॉब्स यांच्या आयफोनची ऑपरेटिंग सिस्टीमही युनिक्सच्याच वंशातली आहे.

अर्धवट राहिलेल्या पीएच.डी.ची गोष्ट त्यानंतरही पुढे सरकली. ग्रंथालयात प्रत नसल्याने तो प्रबंध सुमारे ५० वर्षे कुणाला वाचायला मिळाला नव्हता. कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने कुटुंबीयांच्या मदतीने त्याची प्रत मिळवली, स्कॅन केली आणि २०२० मध्ये सर्वांसाठी खुली केली. मजकूर कुठल्याही यंत्रावर वाचता यावा, यासाठी उपयोगी पडलेली साधने बनवणाऱ्या माणसाचा स्वतःचा प्रबंध कुणीतरी कागद जपून ठेवले म्हणून वाचला. मराठवाड्यातल्या संस्थांच्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या सीडी आणि हार्ड डिस्कच्या बाबतीतही हेच लागू आहे. त्या चालू स्थितीत आहेत तोवर उघडून पाहायला हव्यात.